जळगावचा मारिओ हळू का पळायचा

आमच्याकडे कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणायचे. कार्ट्रिज म्हणजे ‘कॅसेट’ आणि अख्ख्या यंत्राचं नाव नुसतं ‘व्हिडिओ गेम’. कंपनी कोणती, असं कुणी विचारत नसे, कारण त्याला उत्तर नसायचं. खोक्यावर एक नाव, यंत्रावर दुसरं, रिमोटवर तिसरं. जळगाव-धुळ्याकडे वाढलेल्या, आज पंचविशी-तिशीत असलेल्या बऱ्याच जणांच्या माळ्यावर असा एखादा रिमोट अजून पडलेला असेल. वायर कडक झालेली, ‘ए’ बटण खोल गेलेलं, आणि टोकाला नऊ भोकांचा काळा प्लग.

तो प्लग आजच्या लॅपटॉपला जोडायचा तर मध्ये एक छोटा अडॅप्टर घरी बनवावा लागतो. (तेव्हा ‘अडॅप्टर’ म्हणजे बोर्डात खोचायचा, तासाभरात तापणारा काळा ठोकळा. हा तो नव्हे.) विकत मिळणारे बहुतेक अडॅप्टर खऱ्या निन्टेंडोच्या कंट्रोलरसाठी असतात, आपल्या बिननावाच्या रिमोटसाठी नाही. बनवायला सुट्टीचा एक दिवस पुरतो, एक-दोन छोटे पार्ट लागतात, आणि कोड एका पानात मावतो. एवढ्यासाठी लेख लिहायची गरज नव्हती. पण तो बनवताना एक गोष्ट लक्षात येत गेली. आपल्या लहानपणीच्या या वस्तूचा इतिहास आपल्याकडे कुणी लिहिलेला नाही, आणि शोधायचा झाला तर तो वायरीतूनच शोधावा लागतो.

मूळ यंत्र जपानचं. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. लोक त्याला ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तो तयार झाला. डाव्या अंगठ्याखालची ती अधिकच्या चिन्हासारखी कळ त्याच कंपनीतल्या गुनपेई योकोई यांची. फॅमिकॉमच्या आदल्या वर्षी ती ‘डाँकी काँग’ या हातात धरून खेळायच्या छोट्या गेमवर आली होती. १९८५ पासून तेच यंत्र रंगरूप बदलून अमेरिकेत एनईएस नावानं विकलं गेलं, आणि त्याच वर्षी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला.

हे जपानी यंत्र आपल्या गल्लीत कधीच दिसलं नाही. का, ते कळायला एक आकडा पुरे आहे. १९९५ मध्ये सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीनं आपलं मेगाड्राइव्ह भारतात विकण्यासाठी शॉ वॉलेसशी करार केला. आयात शुल्क ८० टक्के होतं, त्यातून वाट काढायला हा करार होता. तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. १९९५ साली अठरा हजारांत काय काय यायचं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

आपल्याकडे आली ती नक्कल. तैवानच्या यूएमसी या चिप कंपनीनं फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या नकला बनवल्या आणि त्यावर तैवान, हाँगकाँग, मग चीनमधले असंख्य कारखाने उभे राहिले. पुढे सगळं एकाच चिपमध्ये आलं. यंत्र उघडलं की आत चिप दिसतच नाही, दिसतो फक्त डांबरासारखा काळा थेंब. त्या थेंबात अख्खा फॅमिकॉम. खर्च इतका उतरला की यंत्र खेळण्याच्या दुकानात बॅटबॉलशेजारी टांगता येऊ लागलं.

खान्देशाचा भूगोलही असल्या मालाला सोयीचा. धुळं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या छेदावर आहे, जळगाव त्यातल्या दुसऱ्यावर. मुंबई आणि सुरत, दोन्हीकडचा ट्रक इथूनच जातो. धुळ्यात आग्रा रोड आणि पाच कंदील, जळगावात फुले मार्केट आणि गोलाणी मार्केट, असल्या वस्तू बघायला पोरं तिथेच जायची. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं. आत खरे गेम मोजून दहा-वीस. तेच पुन्हा पुन्हा, कधी मारिओला जास्त जीव दिलेले, कधी थेट चौथ्या लेव्हलपासून सुरू केलेले. यादी संपेपर्यंत खाली जाऊन बघणारा एक तरी मुलगा प्रत्येक गल्लीत होता.

काही यंत्रं कीबोर्डच्या रूपात यायची. बाहेरून कॉम्प्युटर, आतून तोच काळा थेंब, सोबत टायपिंगची एक कॅसेट. आईवडिलांना ‘कॉम्प्युटर शिकतोय’ असं सांगायची सोय. यात अगदीच खोटं नव्हतं. काहींत बेसिक भाषाही असायची. २००८च्या सुमारास अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ‘प्लेपॉवर’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यांचं म्हणणं असं की भारतासारख्या देशांत दहा-बारा डॉलरांना मिळणारं हे यंत्र म्हणजे घरोघरी पोचलेला कॉम्प्युटरच आहे, त्यासाठी शिकवणारे गेम बनवू. ज्याला आपण खेळणं समजून मोडलं, त्याकडे कुणीतरी सातासमुद्रापलीकडून गंभीरपणे पाहत होतं.

आणि मग वीज. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची. खेळ साठवून ठेवायची सोय बहुतेक कॅसेटांत नव्हतीच. आठव्या जगापर्यंत पोचलेला मारिओ लाइट गेली की संपला. काही जण पॉज करून टीव्ही बंद करत आणि यंत्र रात्रभर चालू ठेवत, वेळापत्रकातली वीज सकाळी नक्की कधी जाणार याचा हिशेब लावून.

आता धुळ्याबद्दल एक वेगळीच गोष्ट. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यांनी काढले, आणि त्यासाठी गावोगाव फिरून वाड्यांतली, माळ्यांवरची दफ्तरं गोळा केली. त्यांचा आग्रह असा की आधी अस्सल साधन हाती घ्या, मग बोला. माझ्या वाट्याला आलेलं दफ्तर म्हणजे मामांच्या माळ्यावरची पिशवी. चार रिमोट, एक बंदूक, दोन कॅसेटा. खोकी फाटून गेलेली, पावत्या कधी नव्हत्याच, कारखान्याचं नाव कुठेही नाही. तर साधन उरतं एकच, आतली हिरवी पट्टी आणि तिच्यावरच्या तांब्याच्या रेघा.

त्या वाचायच्या तर रिमोट बोलतो कसा हे आधी समजून घ्यायला हवं.

आठ बटणं आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र वायर दिली आणि एक सामाईक ठेवली तर नऊ वायरी लागतील. १९७७ च्या अटारीत असाच सरळ प्रकार होता: प्रत्येक दिशेला एक वायर, बटणाला एक. फॅमिकॉमनं पाच वायरींत भागवलं. दोन विजेच्या, प्लस आणि ग्राउंड. उरलेल्या तीन म्हणजे लॅच, क्लॉक आणि डेटा. शाळेतली हजेरी डोळ्यांसमोर आणा. सर म्हणतात, “जो जिथे आहे तिथेच थांबा.” हा लॅच. त्या क्षणी कोणतं बटण दाबलेलं, कोणतं सुटं, ते गोठवलं जातं. मग सर टेबलावर डस्टर आपटत जातात. हा क्लॉक. दर ठोक्याला पुढचा मुलगा उत्तर देतो, ते डेटाच्या वायरीवर येतं. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. एक गंमत म्हणजे दाबलेल्या बटणाचं उत्तर शून्य आणि न दाबलेल्याचं एक. टीव्हीवर दर नवं चित्र येताना ही हजेरी एकदा होते.

हे काम करणारी चिप निन्टेंडोची नव्हतीच. ४०२१ नावाची, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी साधी चिप होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये ‘शिफ्ट रजिस्टरचे चार प्रकार’ असा प्रश्न हमखास येतो. त्यातला ‘पॅरलल इन, सीरियल आउट’ तो हाच. बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ सालचं, म्हणजे फॅमिकॉमच्याच वयाचं. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली ते हे वर्ष. तेव्हापासून खान्देशात किती मुलांनी ही आकृती पाठ करून पेपरात काढली असेल. त्यातल्या अनेकांच्या घरी टीव्हीखाली ती चालू स्थितीत पडलेली होती. दोन्हींचा संबंध वर्गात कुणी लावून दिला नाही. अभ्यासक्रमात ‘उपयोग’ या मथळ्याखाली कायम काहीतरी भलतंच छापलेलं असतं.

कॉम्प्युटरच्या बाजूनं पाहिलं तर हा सगळा इतिहास दारं बंद होत जाण्याचा आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीला प्रिंटरसाठी पॅरलल पोर्ट घेता यायचा, पंचवीस पिनांचा. पुढे तो जवळपास प्रत्येक पीसीवर आला. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्याच्या गावांतही निघाले, तिथल्या डब्यांच्या पाठीमागेही तो असायचा. प्रिंटर क्वचितच असे. या पोर्टचं वैशिष्ट्य असं की प्रोग्रॅम लिहिणारा थेट एकेक पिन उठवू-बसवू शकायचा. पिन दोन म्हणजे क्लॉक, पिन तीन म्हणजे लॅच, उरलेल्या पिना उठवून ठेवल्या की त्यांतूनच रिमोटला पुरेशी वीज. ४०२१ इतकी कमी वीज खाते की वेगळा सप्लाय लागत नाही. एक प्लग, काही डायोड, पाच वायरी, झाला अडॅप्टर. ना चिप, ना कोड भरायचं यंत्र.

१९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अर्ल फिलहॉवर यांनी डॉससाठी ‘एसएनईएस-की’ आणि विंडोजसाठी ‘डायरेक्टपॅड प्रो’ लिहून अशा वायरिंगला सॉफ्टवेअर दिलं. चेक प्रोग्रॅमर व्होयतेक पाव्लिक यांनी १९९९ पासून लिनक्ससाठी ‘गेमकॉन’ नावाचा ड्रायव्हर लिहिला. त्यासोबतच्या कागदांत एका पॅरलल पोर्टला पाच रिमोट लावायची आकृती आहे. पाच का, तर परत वाचता येणाऱ्या पिना पाचच. मला हे कागद वाचायला फार आवडतात. कुणीतरी रात्री बसून, स्वतःचा रिमोट कापून, इतरांना तो कापावा लागू नये म्हणून लिहून ठेवलंय, असं ते वाटतात.

मग विंडोज एक्सपी आलं. त्यानं साध्या प्रोग्रॅमला थेट पिनांना हात लावायची बंदी घातली. वाट होती, पण ती ड्रायव्हरच्या मागच्या दारानं. नंतर लॅपटॉपवरून पोर्टच गेला. यूएसबीला लावायची ‘प्रिंटर केबल’ मिळते, पण ती फक्त प्रिंटरशी बोलते, एकेक पिन हातात देत नाही. त्यामुळे ती इथे निरुपयोगी.

अजून एक धोक्याचं दार आहे. जुन्या पीसीच्या मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असायचा. आपल्या रिमोटचा प्लग त्यात अगदी नीट बसतो. बसतो, म्हणून लावू नका. त्या पोर्टवर बारा व्होल्टपर्यंत, तेही उलटसुलट दिशेचे, येऊ शकतात आणि रिमोट पाच व्होल्टचा आहे. हा आकार अटारीपासून चालत आलेला, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा, म्हणून नकला करणाऱ्यांनी उचलला. पाच वायरींसाठी नऊ पिना, चार रिकाम्या. आकार सारखा आणि भाषा वेगळी, अशी ही गत.

यूएसबी १९९६ मध्ये आलं आणि त्यात कॉम्प्युटर पिन हलवत नाही, प्रश्न विचारतो: तू कोण? जोडलेल्या वस्तूला ठरावीक भाषेत स्वतःची ओळख द्यावी लागते. मी जॉयस्टिक आहे, मला इतकी बटणं आहेत, वगैरे. म्हणजे मध्ये एक दुभाषा हवा, जो एका बाजूला हजेरी घेईल आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजाच्या कचेरीत अर्ज भरावा तसे यूएसबीचे अर्ज भरेल. व्हिएन्नाच्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीनं यूएसबीची सोय नसलेल्या स्वस्त एव्हीआर चिपांना निव्वळ सॉफ्टवेअरनं यूएसबी शिकवलं. ‘व्ही-यूएसबी’ म्हणतात ते हे. एटीमेगा-८, दोन झेनर डायोड, तीन-चार रेझिस्टर, एवढ्यावर घरगुती अडॅप्टर पुन्हा शक्य झाला. २०१२ मध्ये आर्डुइनो लिओनार्डो आला, त्याच्या एटीमेगा-३२यू४ चिपमध्ये यूएसबी आतच आहे. मग तर सोल्डरिंगही पाच टाक्यांवर आलं. मी याच चिपचा अंगठ्याएवढा बोर्ड वापरला.

तर पिशवीतला रिमोट घ्या आणि मागचे स्क्रू काढा. वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. कारखान्यात त्या दिवशी जो रंग शिल्लक होता तो लावलेला असतो. मल्टीमीटर ‘बीप’वर ठेवा. बटणांखालच्या काळ्या ठिपक्यांच्या जोड्या दिसतील. प्रत्येक जोडीतली एक बाजू सगळ्या बटणांना सामाईक असते, ते ग्राउंड. तिथून प्लगच्या भोकांपर्यंत बीप शोधा, पहिली वायर मिळाली. काळ्या थेंबाऐवजी खरी चिप असेल तर नशीब, तिच्या पायांवरून उरलेल्या चार सरळ सापडतात. थेंब असेल तर थोडं अनुमान करावं लागतं. प्लस शोधताना थेंबाजवळचा छोटा कपॅसिटर उपयोगी पडतो, त्याचं एक टोक ग्राउंड आणि दुसरं बहुधा प्लस. मग लॅच, क्लॉक, डेटा. जोड्या लावून पाहायच्या, सहाच शक्यता आहेत.

बऱ्याच नकलांत क्रम असा मिळतो: पिन दोनवर डेटा, तीनवर लॅच, चारवर क्लॉक, सहावर प्लस, आठवर ग्राउंड. माझ्या चारपैकी तिघांचा हाच निघाला. चौथा वेगळा. म्हणजे मामांच्या घरी निदान दोन वेगळ्या कारखान्यांचा माल आला होता. घरातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं, मामांनासुद्धा. ते म्हणाले, “आग्रा रोडवरून आणलेले रे, सगळे एकाच दुकानातले.” दुकान एकच असेल, पण तांब्याची रेघ वेगळं सांगते.

उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एका रिमोटच्या ‘ए’ बटणाच्या रबराखाली चांदीच्या कागदाचा बारीक तुकडा चिकटवलेला होता. बटणाच्या रबराला खालून काळं कार्बन असतं, ते झिजलं की बटण लागत नाही. टीव्ही दुरुस्त करणारे लोक टीव्हीच्या रिमोटला हाच उपाय करत, कधी पेन्सिल घासत. म्हणजे हा रिमोट कधीतरी कुणाच्या तरी टेबलावर गेला होता, आणि त्या माणसाला आत काय चालतं ते कळत होतं. त्याचं नाव कुणाला आठवत नाही. मी तो तुकडा काढला नाही. अजून चालतो.

कोड सांगण्यासारखा फारसा नाही. लॅच उचला, बारा मायक्रोसेकंद थांबा, खाली आणा. डेटा वाचा. क्लॉकचा ठोका द्या. पुन्हा वाचा. आठ उत्तरं झाली की यूएसबीला कळवा, आणि हे करत राहा. टर्बो बटणांसाठी काही करावं लागत नाही. त्यांची टकटक रिमोटच्या आतच होते, कॉम्प्युटरला वाटतं तुमचा अंगठा फार वेगवान आहे.

झालं. लॅपटॉपवर एम्युलेटर, हातात जुना रिमोट, मारिओ सुरू. आणि आतेभाऊ, ज्यानं या खेळात माझ्यापेक्षा दुप्पट वेळ घालवलाय, दोन मिनिटांत रिमोट खाली ठेवून म्हणाला, “भो, हा जास्त पळतोय.”

वाटलं, वयाचा परिणाम. पण मोजता येतं. ‘सुपर मारिओ’च्या पहिल्या लेव्हलला ४०० आकड्यांचा वेळ असतो. तो आकडा दर २४ चित्रांनंतर एकानं कमी होतो. जपान-अमेरिकेत टीव्हीवर सेकंदाला साधारण ६० चित्रं येत. म्हणजे ४०० संपायला १६० सेकंद, दोन मिनिटं चाळीस. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीनं, सेकंदाला ५०. तोच खेळ, तेच २४ चित्रांचं गणित, आणि ४०० संपायला १९२ सेकंद, तीन मिनिटं बारा. मामांच्या यंत्रावर मारिओला सुरुवातीच्या जागी नुसतं उभं करून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तिथे उभा राहिला तर त्याला कुणी मारत नाही, तो फक्त वेळ संपून मरतो. एक-दोन सेकंद इकडेतिकडे, पण तीन मिनिटं बाराच.

म्हणजे आपला मारिओ खरंच हळू पळायचा. सहा पावलांच्या जागी पाच. खड्ड्यावरून उडी मारायला आपल्याला जपानी पोरापेक्षा जास्त वेळ मिळत होता, गाणंही संथ वाजायचं. आणि याचं कारण शेवटी भिंतीतल्या विजेत सापडतं. टीव्हीची चित्रसंख्या सुरुवातीला त्या त्या देशाच्या विजेच्या ठेक्याशी जुळवलेली होती. युरोपात आणि आपल्याकडे वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेत ६०. जपाननं टीव्ही अमेरिकेचा घेतला. (टोकियोत वीज ५० ची आहे, तरी टीव्ही ६० चा. इतिहास सगळीकडे सरळ नसतो.) ज्या विजेची आपण तासन्‌तास वाट पाहत बसायचो, तिनं आल्यावर मारिओच्या पायांची गती ठरवली होती.

मग एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ५० करावं. तिथे ‘पाल’ असा पर्याय असतो, पण त्यानंही नेमकं जुळत नाही. तो युरोपात विकल्या गेलेल्या खऱ्या निन्टेंडोसाठी आहे, त्याच्या आतलं घड्याळही मंद, त्यामुळे आवाजाचा सूर खाली उतरतो. नकला करणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली होती. चित्रं ५०, पण घड्याळ जपानी यंत्राच्या जवळपास, म्हणजे खेळ मंद पण सूर तोच. ही नेमकी मिसळ एम्युलेटरमध्ये हवी असेल तर तिसरा पर्याय निवडावा लागतो. त्याचं नाव ‘डेंडी’.

डेंडी म्हणजे रशियातली नक्कल. स्टीपलर नावाच्या कंपनीनं १९९२ च्या डिसेंबरात ती विकायला सुरुवात केली. यंत्र तैवानी-चिनीच, पण त्यांनी त्याला एक नाव दिलं, हत्तीचं चित्र दिलं, जाहिरात केली, १९९४ पासून टीव्हीवर डेंडीचा कार्यक्रम केला, मासिक काढलं. तिथली मुलं मोठी झाली, त्यांतल्या काहींनी यंत्रं उघडली, घड्याळं मोजली, आकडे लिहून ठेवले. म्हणून आज एफसीईयूएक्स किंवा मेसेन उघडला की यादीत जपान-अमेरिका आहे, युरोप आहे, आणि रशियातल्या एका दुकानदारी ब्रँडचं नाव आहे. आपलं यंत्र त्याच नावाखाली येतं. आपल्याकडेही ती काही कमी विकली गेली नसतील. फक्त एका नावानं विकली गेली नाहीत, आणि कुणी मोजली नाहीत.

मी ‘डेंडी’ निवडलं. आतेभाऊ काही बोलला नाही, खेळत राहिला.

बंदुकीचं मात्र काही करता आलं नाही. ‘डक हंट’ची ती बंदूक गोळी मारत नाही, बघते. ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा भाग त्या क्षणी उजेड दिसला का, एवढंच सांगतो. हे फक्त जुन्या, पोटाच्या टीव्हीवर चालतं, कारण तिथे चित्र रेघेरेघेनं आणि ताबडतोब उमटतं. एलसीडी चित्र दाखवायला जरा वेळ घेते, त्या आत बंदुकीचं बघून झालेलं असतं. सिग्नल अडॅप्टरपर्यंत येतो, प्लगच्या त्या रिकाम्या पिनांपैकी दोन यासाठीच होत्या, पण येतो तो कायम ‘नाही दिसलं’ असाच.

चारही रिमोटांच्या पिनांचा तक्ता मी वहीत काढून ठेवला आहे. चौथ्याचा क्रम अजून कुठे लिहिलेला सापडलेला नाही. जळगावात, अमळनेरला, शिरपूरला कुणाच्या माळ्यावर त्याच्यासारखा दुसरा असेल, तर ओळखायची खूण अशी: सिलेक्ट आणि स्टार्ट तिरपी, मागे चारऐवजी तीन स्क्रू, आणि पिन सातला वायर जोडलेली, जी आत कुठेच जात नाही.